पेपर किती आणि पुस्तक किती?



संक्रांतीची हळदीकुंकवं आत्ताच आटोपली. आता थोड्याच दिवसांत बारावीची बोर्डाची परीक्षा, आणि ती संपते न संपते तोच नीटची परीक्षा. गेली काही वर्षं ती मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते आहे. आज आम्ही बचत, कर्ज, हप्ते यांवर बोलणार नाही. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीची गोष्ट सांगणार आहोत. तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. ती गोष्ट सांगताना आमची एक चूकही सांगायची आहे.

आधी थोडी माहिती. दातांच्या डॉक्टरकीची पदवी म्हणजे बीडीएस. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिच्या प्रवेशासाठी वेगळी परीक्षा नाही. एमबीबीएसला जी नीट लागते, तीच बीडीएसला लागते. २०२५ पासून या पेपरात १८० प्रश्न आणि वेळ १८० मिनिटं. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं तर १ गुण कापला जातो, सोडून दिलं तर शून्य. एकूण ७२० गुण. उत्तरं लिहायची नसतात, ओएमआर कागदावरचे गोल काळे करायचे असतात. आता तुम्हीच बघा, एका प्रश्नाला एक मिनिट, आणि त्यातच गोल भरायचा.

तर या मुलीची आजी लहानपणापासून मशेरी लावायची. आपल्याकडे किती जणी लावतात ते सांगायला नको. आजीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तो कुणी बघितला नाही. गावात दातांचा डॉक्टर नाही, तालुक्याला जायचं तर मजुरी बुडते. शेवटी जिल्ह्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हा ही मुलगी आठवीत होती. तेव्हापासून ती म्हणायची, "मी दातांची डॉक्टर होणार आणि गावातच बसणार." म्हणून तिची परीक्षा आम्हाला गटाचीच परीक्षा वाटत होती.

पहिल्या वर्षी, म्हणजे बारावीला असताना, तिनं फक्त वाचलं. पुस्तकं तीन तीन वेळा वाचली. ओळीखाली रेघा मारल्या, रंगीत पेनांनी चौकटी केल्या. पण घड्याळ लावून पूर्ण पेपर एकदाही सोडवला नाही. विचारलं की म्हणायची, "अजून अभ्यास पूर्ण नाही झाला, झाला की सोडवते." अभ्यास पूर्ण झालाय असं कधी वाटतच नाही, त्यामुळे पेपर राहूनच गेला. परीक्षेत भौतिकशास्त्राच्या गणितांत अडकून बसली, चौदा प्रश्न तर वाचायचेही राहिले. घरी येऊन म्हणाली, "मावशी, येत होतं हो, पण वेळच पुरला नाही."

दुसऱ्या वर्षी तिनं घरी राहून पुन्हा तयारी करायची ठरवली. तिच्या आईनं गटाकडं आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं, सराव पेपरांच्या मालिकेसाठी आणि पुस्तकांसाठी. आम्ही एकमतानं दिलं. आणि इथून आमची चूक सुरू झाली.

पहिल्या वर्षी पेपर सोडवले नव्हते ना, मग या वर्षी तिनं फेब्रुवारीपासून रोज एक पेपर धरला. आम्हालाही बरं वाटलं. पैसे दिलेत तर पेपर सोडवलेच पाहिजेत, असा आमचा हिशोब. पाण्याला जाताना, दळणाला जाताना, जी भेटेल ती तिला विचारायची, "काय गं, आज किती मार्क पडले?" पहिल्यांदा पडले ४१२. मग ४०५. मग ४१६. महिनाभर आकडा तिथल्या तिथेच घुटमळत राहिला. पोरगी दिवसाला तीन तास पेपर सोडवायची, गुण मोजायची आणि दुसऱ्या दिवशी नवा पेपर घ्यायची. पुस्तक उघडायला वेळच उरत नव्हता.

एका मिटिंगला तिची आई आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. म्हणाली, "पोर जेवत नाही. पेपर झाला की गुण बघते आणि उत्तराचा कागद चुलीत घालते."

आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण तो कागद ती चुलीत घालत होती ते आमच्या प्रश्नाला भिऊन. रस्त्यात कुणी विचारेल आणि ४०५ सांगावे लागतील, म्हणून.

मैत्रिणींनो, आमच्यात फिजिक्स कुणालाच येत नाही. आम्ही बी.ए. केलंय ते मराठी घेऊन. पण नोंदी कशा ठेवायच्या ते आम्हाला येतं. गटाच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय? नियमित नोंदी. पैसा कुठं गळतो ते नोंदवही सांगते, नुसती शिल्लक बघून ते कळत नाही. आम्ही तिच्या आईला म्हटलं, "पुढचा कागद चुलीत घालू देऊ नका. तिला घेऊन या."

ती आली. हाताशी राहिलेले तीन पेपर घेऊन आली. त्यातल्या ४१२ गुणांच्या पेपरात ११५ बरोबर होते, ४८ चुकलेले आणि १७ सोडलेले. आम्ही तिला म्हटलं, "बाळ, बरोबर आलेले बाजूला ठेव. ४८ चुकांपैकी एकेक सांग, का चुकली." ती सांगत गेली, आम्ही एका वहीत तीन रकाने पाडून रेघा ओढत गेलो.

पहिला रकाना: माहीतच नव्हतं. म्हणजे तो भाग वाचलेला नाही किंवा वाचून समजलेला नाही.

दुसरा रकाना: वाचलं होतं, पण वेळेला आठवलं नाही, किंवा दोन गोष्टींत गोंधळ झाला.

तिसरा रकाना: येत होतं, तरी चुकलं. प्रश्नात 'अयोग्य विधान ओळखा' होतं आणि तिनं योग्य ओळखलं, बेरीज चुकली, नाहीतर गोल भलत्याच ओळीत भरला.

मोजलं तेव्हा पहिल्या रकान्यात २१, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात ११. मग बाकीचे दोन पेपर घेतले. पहिल्या रकान्यातले धडे बघून ती स्वतःच म्हणाली, "अय्या, हे तर तेच!" रोटेशनल मोशन, ऑप्टिक्स, ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या अभिक्रिया आणि वनस्पतींचं वर्गीकरण. रोज पेपर नवा, पण चुका त्याच. ज्या धड्याकडं ती परत गेलीच नव्हती, तो धडा रोज नव्या पेपरात तिला पुन्हा पाडत होता.

आपण पापड करतो तेव्हा काय करतो? पहिल्या घाण्याचे दोन पापड वाळले की भाजून बघतो. पापडखार कमी पडला असेल, मीठ जास्त झालं असेल, तर पुढच्या घाण्यात दुरुस्ती करतो. न भाजता पन्नास किलोचा माल केला, तर गिऱ्हाईक परत करतं. पहिल्या वर्षी तिनं तेच केलं होतं. आणि प्रमाणात काहीच न बदलता नुसतेच पापड भाजत बसलं, तरी चव सुधारत नाही. दुसऱ्या वर्षी ते चाललं होतं. पापड भाजायचा तो पुढचा घाणा सुधारण्यासाठी, आणि सराव पेपर सोडवायचा तो पुढचा अभ्यास ठरवण्यासाठी.

म्हणून आमच्या लेकी विचारतात ना, की पेपर किती सोडवू आणि पुस्तक किती वाचू, त्याचं उत्तर त्या वहीत असतं. पहिला रकाना मोठा असेल तर नवा पेपर घेऊ नका, आधी पुस्तक उघडा. दुसरा मोठा असेल तर उजळणी वाढवा. तिसरा मोठा असेल तर घड्याळ लावून पेपर सोडवण्याचा सराव वाढवा. तिसऱ्या रकान्याला कमी लेखू नका. येणारा एक प्रश्न चुकला की हातचे ४ जातात आणि वर १ कापला जातो, म्हणजे ५ गुणांचा फरक. तिच्या ११ चुका म्हणजे ५५ गुण. त्यासाठी नवीन एक ओळसुद्धा वाचायची नव्हती.

उजळणी कशी करायची, त्याबद्दलही थोडं सांगतो. तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो. अमेरिकेत रोडिगर आणि कारपिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मिटवला आणि आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. आपल्या परीक्षेला तर महिने असतात. म्हणून पान वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मग उघडून ताडून बघा. जे राहिलं, ते लाल पेननं लिहा. आणि धडा झाला की त्याच धड्यावरचे वीस प्रश्न लगेच सोडवा. म्हणजे पुस्तकाच्या दिवशीही थोडी परीक्षा होतेच.

आता वेळापत्रक. आम्ही तिच्याबरोबर बसून जे ठरवलं, ते असं.

बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत भर पुस्तकावर. एकेका धड्याचे प्रश्न सोडवायचे आणि पंधरा दिवसांतून एखादा पूर्ण पेपर. एक गोष्ट लक्षात ठेवा, नीटचे प्रश्न, विशेषतः जीवशास्त्राचे, अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांना धरून असतात. आपल्या मुली राज्य मंडळाची पुस्तकं वाचतात. दोन्हींत बरंच सारखं आहे, पण शब्द आणि उदाहरणं वेगळी असतात. म्हणून जीवशास्त्राचं एनसीईआरटी ओळ न ओळ वाचायलाच हवं. ही पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

बोर्ड संपलं की तीन दिवसांचं चक्र. पहिल्या दिवशी पूर्ण पेपर आणि संध्याकाळी तीन रकान्यांची वही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी त्या वहीत सापडलेले धडे. चौथ्या दिवशी पुन्हा पेपर. असं केलं तर पाच आठवड्यांत अकरा-बारा पेपर होतात. रोज एक पेपर सोडवणाऱ्या मुलीपेक्षा हे कमी वाटतात, पण यातला प्रत्येक पेपर पचलेला असतो.

पेपर सोडवायचा तो दुपारी २ ते ५ या वेळेतच. खरी परीक्षा त्याच वेळेला असते, भर मे महिन्याच्या उन्हात. जेवून डोळे जड होण्याची ती वेळ. शरीराला आधीपासून सवय लावायला हवी. ओएमआरचा कागद झेरॉक्स करून आणा आणि काळ्या बॉलपेननं गोल भरा, नुसत्या वहीत अ-ब-क लिहू नका. ती जीवशास्त्राला ५० मिनिटं, रसायनला ५० आणि भौतिकला ६० मिनिटं द्यायची. उरलेली २० मिनिटं अडलेल्या प्रश्नांना आणि गोल तपासायला. तुमच्या मुलीला वेगळा क्रम जमत असेल तर तो धरा, पण सरावात ठरवा. परीक्षेच्या खोलीत नवा क्रम धरू नका.

मागच्या वर्षांचे पेपर जरूर सोडवा, विकतच्या पेपरांच्या आधी तेच सोडवा. पण दोन गोष्टी ध्यानात असू द्या. २०२१ ते २०२४ या वर्षांत २०० प्रश्न छापलेले असत आणि त्यांतले १८० सोडवायचे असत. आता तशी निवड नाही. आणि २०२४ पासून अभ्यासक्रमातले काही भाग कमी झाले आहेत. जुन्या पेपरात ते आले तर रडत बसू नका, अभ्यासक्रमाची यादी समोर ठेवा आणि त्यावर काट मारा.

शेवटचे दहा दिवस नवीन धडा घ्यायचा नाही. पेपर दोन किंवा तीनच, आणि शेवटचा पेपर परीक्षेच्या तीन दिवस आधी. बाकी वेळ लाल पेनच्या नोंदी, सूत्रं आणि जीवशास्त्राचं पुस्तक. आदल्या रात्री झोप.

आता आयांसाठी आणि मावश्यांसाठी. आपल्याला शिकवता येत नाही, पण आपल्याकडून होण्यासारखं पुष्कळ आहे. आम्ही त्याची पंचसूत्रीच केली.

पहिलं, "किती मार्क पडले?" हे विचारायचं बंद. त्याऐवजी विचारायचं, "आज कुठल्या धड्याकडं परत गेलीस?" सुरुवातीला आम्हाला जमेना. जीभ तिकडेच वळायची. मग चुकून जी विचारेल तिनं गटात दहा रुपये दंड भरायचा असं ठरवलं. पहिल्या आठवड्यात साठ रुपये जमले.

दुसरं, पेपरच्या दिवशी २ ते ५ तिला हाक मारायची नाही. एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस, लग्नसराईचे दिवस. पापड राखायला, पाहुण्यांना चहा करायला घरातली मुलगीच आठवते. मुलाचा पेपर असता तर त्याला उठवलं असतं का, हे एकदा मनाला विचारा.

तिसरं, वेळ आपण लावायची. फिजिक्स येत नसेना का, घड्याळ तर कळतं! गटाच्या खोलीत आमच्यापैकी एकजण आळीपाळीनं बसायची. दोनला पेपर हातात, पाचला काढून घ्यायचा. एक मिनिटही वाढवून नाही. मोबाइल आमच्या पिशवीत. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काकू, दोनच मिनिटं!" काकूंनी कागद ओढूनच घेतला.

चौथं, झोप. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागवायचं नाही. दिवसभर जे वाचलं ते झोपेत पक्कं होतं.

पाचवं, दुसऱ्या कुणाच्या मुलीचे गुण घरात सांगायचे नाहीत.

या पद्धतीनं तिचे गुण लगेच वाढले असं नाही. पहिले दोन पेपर तर आणखी खाली गेले. आकडा ३९८ वर आला. पण वहीत पहिला रकाना २१ वरून १४ वर आला होता. फक्त गुण बघितले असते तर आम्ही सगळ्यांनीच धीर सोडला असता. वही होती म्हणून कळलं, की पेपर अवघड होता, पोरगी मागे गेली नव्हती. पाचव्या पेपरला आकडा हलला. शेवटच्या पेपरला तिसऱ्या रकान्यात तीनच रेघा होत्या.

तिचा बीडीएसला नंबर लागला, तोही तिसऱ्या प्रवेशफेरीला, आम्ही आशा सोडत आलो होतो तेव्हा. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मागोमाग आमच्या गटातल्या आणखी एका मुलीनं हीच वही ठेवली. तिचा नंबर लागला नाही. ती नर्सिंगला गेली आणि आनंदात आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण वही ठेवली की प्रवेश नक्की, असं आम्ही म्हणणार नाही. जागा थोड्या आहेत आणि मुलं लाखोंनी बसतात. पण त्या दुसऱ्या मुलीनं एकही कागद चुलीत घातला नाही, आणि निकालाच्या दिवशी आईच्या पाठीमागे लपली नाही. आम्हाला तेही मोठं वाटतं.

या वर्षी आमच्या गावातल्या दोन मुली बसताहेत. गटाच्या खोलीत भिंतीवर घड्याळ लावलंय. दंडाचा डबा ठेवलाय, तो अजून रिकामा आहे.

सुट्टीत ती भावी डॉक्टरीणबाई गावी आली होती. मिटिंगला येऊन बसली आणि म्हणाली, "सगळ्या मावश्यांनी तोंडं उघडा, मी बघते." आम्ही हसलो, लाजलो, पण उघडली. दोघीजणींना तिनं तालुक्याला दाखवून यायला सांगितलं. त्यातल्या एकीनं त्या दिवसापासून मशेरी सोडली आहे. दुसरीच्या मागे आम्ही लागलो आहोत.

तुमच्याही गटात कुणाची लेक परीक्षेला बसली असेल. आज संध्याकाळी तिला गुण विचारू नका. एक कोरी वही द्या, तीन रकाने पाडून द्या, आणि म्हणा, "चुका इथं लिही बाळ, आम्ही रागावणार नाही."

पुन्हा भेटू. नमस्कार.